ब्राउझर हायजॅकर काढायचा तर आधी परत आणणारा शोधा

ब्राउझर उघडावा आणि नेहमीच्या पानाऐवजी कुठलं तरी अनोळखी सर्च पान समोर यावं. सेटिंगमध्ये जाऊन होमपेज बदलावं, तर दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर सुरू केल्यावर पुन्हा ये रे माझ्या मागल्या. बरेच जण इथेच थकतात आणि ते पान सहन करत महिनोन्‌महिने काढतात. तसं करू नका. याला ब्राउझर हायजॅकर म्हणतात, म्हणजे ब्राउझरचं सेटिंग परस्पर बदलणारा उपद्रवी प्रोग्रॅम. हे निघतं, आणि घरच्या घरी निघतं.

ते परत का येतं हे मात्र आधी समजून घ्या. बदललेलं होमपेज हे फक्त वर दिसणारं लक्षण आहे. ते बदलणारा प्रोग्रॅम, एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडलेला छोटा प्रोग्रॅम) किंवा ठरावीक वेळी आपोआप चालणारं काम कॉम्प्युटरमध्ये दुसरीकडे बसलेलं असतं आणि तुम्ही केलेली दुरुस्ती ते दर वेळी पुसून टाकतं. म्हणून खालचा क्रम मुद्दाम ठरवलेला आहे. आधी परत आणणारा काढायचा, मग ब्राउझर साफ करायचा आणि पासवर्ड सगळ्यात शेवटी बदलायचे. क्रम उलटला तर मेहनत वाया जाते, आणि पासवर्डच्या बाबतीत तर जुन्याबरोबर नवाही चोराच्या हाती लागू शकतो.

हायजॅकर बनवणाऱ्यांचं उत्पन्न मुख्यतः तुमच्या सर्चमधून येतं. तुम्ही काहीही शोधलंत की ते आधी त्यांच्या पत्त्यावरून फिरून मग खऱ्या सर्च इंजिनकडे जातं. वाटेत जाहिराती घुसवल्या जातात आणि त्या क्लिकचे पैसे त्यांना मिळतात. शेवटी खऱ्या सर्च इंजिनचे निकाल दिसत असल्यामुळे अनेकांना काही बिघडलंय हे कळतही नाही. तुम्ही काय शोधता, कोणत्या साइटवर जाता याची नोंद मात्र मधल्या मध्ये होत राहते.

नेमकं काय झालंय?

तीन वेगळे प्रकार सर्रास एकाच नावाने ओळखले जातात, आणि तिन्हींचे उपाय वेगळे आहेत.

पहिला प्रकार: पूर्ण स्क्रीनभर लाल इशारा, कर्कश आवाज, "तुमचा कॉम्प्युटर लॉक झाला आहे, या नंबरवर फोन करा" असा मजकूर. हे बहुतेक वेळा नुसतं वेबपेज असतं, कॉम्प्युटरमध्ये काहीही शिरलेलं नसतं. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा, टास्क मॅनेजर उघडेल, तिथे ब्राउझर निवडून एंड टास्क करा. ब्राउझर पुन्हा उघडल्यावर तो "रिस्टोअर" विचारेल, तेव्हा नको म्हणा, नाहीतर तेच पान परत येईल. त्या नंबरवर कधीही फोन करू नका. कुठलीही खरी कंपनी इशाऱ्याच्या पानावर फोन नंबर देऊन "आम्हाला तुमच्या स्क्रीनचा ताबा द्या" म्हणत नाही. ताबा आधीच देऊन झाला असेल तर इंटरनेट लगेच तोडा आणि दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा. साफसफाई त्यानंतर.

दुसरा प्रकार: स्क्रीनच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात "व्हायरस सापडला", "तुम्ही बक्षीस जिंकलात" अशा चौकटी येत राहणं. ही बहुतेकदा एखाद्या साइटला नकळत दिलेली नोटिफिकेशनची परवानगी असते. "तुम्ही रोबोट नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाउ दाबा" असं सांगून ती काढून घेतलेली असते.

तिसरा प्रकार म्हणजे खरा हायजॅकर. होमपेज, नवा टॅब किंवा सर्च इंजिन आपोआप बदलतं. न मागितलेला टूलबार किंवा एक्स्टेन्शन दिसतं. सर्च करताना पत्ता झरझर दोन-तीनदा बदलतो. बदललेलं सेटिंग टिकत नाही. सेटिंगच्या पानावर "मॅनेज्ड बाय युअर ऑर्गनायझेशन" अशी ओळ येते आणि तुमच्या घरात तर कसली ऑर्गनायझेशन नसते.

एक झटपट चाचणी करून बघा. त्याच वायफायवर असलेल्या फोनवरही भलतीच पानं उघडतात का? उघडत असतील तर दोष या कॉम्प्युटरमध्ये नसून राउटरमध्ये असण्याची शक्यता आहे, त्यावर पुढे लिहिलं आहे. आणि लॅपटॉप ऑफिसचा असेल तर इथेच थांबा आणि आयटी विभागाला कळवा. त्यावरच्या पॉलिसी, म्हणजे कंपनीने ब्राउझरला लावलेले नियम, खऱ्या असतात आणि त्या काढण्याचा अधिकार तुमचा नाही.

हात लावण्याआधी

काम पूर्ण होईपर्यंत या कॉम्प्युटरवर बँक, ईमेल, खरेदी यांपैकी कशातही लॉगिन करू नका. महत्त्वाची कागदपत्रं आणि फोटो बाहेरच्या डिस्कवर घ्या. डाउनलोड फोल्डरमधल्या सेटअप फाइल्स मात्र त्यात घेऊ नका, कारण रोग त्यांतच असू शकतो.

ब्राउझरचं सिंक, म्हणजे तुमच्या खात्यामार्फत सगळ्या कॉम्प्युटरवर सारखंच सेटिंग ठेवणारी सोय, बंद करा. ही पायरी जवळपास सगळेच विसरतात. तुम्ही एक्स्टेन्शन इथून काढता, पण तुमच्या खात्यात त्याची नोंद राहते आणि सिंक ते पुन्हा आणून बसवतं, शिवाय घरातल्या दुसऱ्या लॅपटॉपवरही पोचवतं. सगळं स्वच्छ होईपर्यंत सिंक बंदच राहू द्या.

उपाय त्याच ब्राउझरमध्ये शोधू नका. तुमच्या सर्चचे निकाल या घडीला दुसऱ्याच्या ताब्यात आहेत. तिथे "मालवेअर रिमूव्हर" शोधलंत तर पहिल्या निकालात बनावट क्लीनर मिळून आगीतून फुफाट्यात पडाल. लागणारं टूल फोनवर किंवा दुसऱ्या कॉम्प्युटरवर शोधा, कंपनीचा पत्ता स्वतः टाइप करा आणि गरज पडली तर पेन ड्राइव्हने आणा.

आणि एक तारीख कागदावर लिहा: त्रास कधी सुरू झाला? नक्की आठवत नसेल तर अंदाज चालेल. पुढच्या प्रत्येक यादीत ही तारीख उपयोगी पडते.

जुन्या लेखांमध्ये क्रोमच्या सेटिंगमधल्या "क्लीन अप कॉम्प्युटर" या बटणाचा उल्लेख आढळेल. ते शोधत बसू नका. गूगलने 2023 मध्ये क्रोमच्या 111व्या आवृत्तीपासून ते काढून टाकलं.

नोटिफिकेशनचा त्रास असेल तर

हे सोपं आहे. क्रोममध्ये सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स या वाटेने जा. "अलाउड" यादीत ओळखीची नसलेली प्रत्येक साइट काढा. फायरफॉक्समध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीच्या पानावर परमिशन्समध्ये हीच यादी आहे आणि एजमध्ये साइट परमिशन्समध्ये. नव्या साइट्सना परवानगी मागण्याचीच सोय बंद करता येते; मी सगळ्यांना तेच सुचवते. एवढ्याने त्रास थांबला आणि बाकी लक्षणं नसतील तर एक स्कॅन करा आणि तुमचं काम संपलं.

प्रोग्रॅमची यादी

विंडोज 11 मध्ये सेटिंग्ज, ॲप्स, इन्स्टॉल्ड ॲप्स. विंडोज 10 मध्ये ॲप्स अँड फीचर्स. यादी तारखेप्रमाणे लावा. तुम्ही लिहिलेल्या तारखेच्या आसपास काय काय आलं ते पाहा. हायजॅकर एकटा येत नाही, त्याच दिवशी दोन-चार नावं शेजारी शेजारी दिसतात: एखादा पीडीएफ कन्व्हर्टर, एखादा "ड्रायव्हर अपडेटर", हवामान दाखवणारं काहीतरी, एखादा ब्राउझर जो तुम्ही घेतलाच नव्हता. कन्व्हर्टर तुम्ही स्वतः टाकला असेल, बाकीचे त्याच्या पाठीवर बसून आलेले असतात.

एखादं नाव ओळखीचं नाही म्हणून लगेच उडवू नका. प्रिंटर, साउंड, ग्राफिक्स यांचे प्रोग्रॅमही विचित्र नावांचे असतात. नाव आणि कंपनी फोनवर शोधून बघा आणि खात्री झाली की अनइन्स्टॉल करा.

अनइन्स्टॉल करताना समोर येणारी खिडकी शब्द न् शब्द वाचा. ठळक रंगाच्या मोठ्या बटणावर "माझी सुरक्षा चालू ठेवा" असं काही लिहिलेलं असतं आणि "काढा" ही ओळ खाली फिक्या राखाडी अक्षरांत असते. कधी "तुमचं सर्च सेटिंग जसं आहे तसं ठेवू का" या प्रश्नापुढे आधीच खूण केलेली असते. ती खूण तशीच राहिली तर प्रोग्रॅम जातो आणि हायजॅक मागे राहतो. काढण्याआधी कारण विचारणारं वेबपेज उघडलं तर ते न भरता बंद करा.

प्रोग्रॅम "सध्या वापरात आहे" म्हणून निघत नसेल तर सेफ मोडमध्ये जा. शिफ्ट दाबून धरून रिस्टार्ट करा, मग ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, पुन्हा रिस्टार्ट आणि 4 हा अंक. ड्राइव्ह एन्क्रिप्ट केलेला असेल तर या वाटेवर बिटलॉकरची (विंडोजच्या ड्राइव्ह-कुलपाची) रिकव्हरी की मागितली जाऊ शकते, ती आधी हाताशी ठेवा. सेफ मोडमध्ये विंडोज अगदी गरजेपुरतंच चालू होतं, त्यामुळे हायजॅकर बहुधा झोपलेला असतो आणि सहसा निमूटपणे निघतो.

परत आणणारा कुठे बसतो

या भागाला घाई करू नका. सगळं काढूनही दुसऱ्या दिवशी परत आलं, अशी तक्रार असते तेव्हा चूक बहुधा इथेच राहिलेली असते.

पहिली जागा टास्क मॅनेजरचा स्टार्टअप भाग. कॉम्प्युटर सुरू होताच चालणाऱ्या गोष्टींची ही यादी आहे. पब्लिशरचा रकाना रिकामा असलेली किंवा ओळख न पटणारी नोंद डिसेबल करा. चुकून भलतंच डिसेबल झालं तरी परत एनेबल करता येतं, त्यामुळे घाबरण्याचं कारण नाही.

दुसरी जागा टास्क शेड्युलर. स्टार्ट मेनूत हेच नाव शोधा आणि डावीकडे टास्क शेड्युलर लायब्ररीवर क्लिक करा. इथे मायक्रोसॉफ्ट, गूगल, तुमच्या लॅपटॉपची कंपनी यांची बरीच कामं रीतसर नोंदवलेली असतात. प्रत्येक संशयास्पद नोंदीचे दोन टॅब बघा. ट्रिगर्स सांगतो काम कधी चालतं आणि ॲक्शन्स सांगतो नेमकं काय चालतं. दर दहा मिनिटांनी किंवा प्रत्येक लॉगिनला चालणारं काम, ॲक्शनमध्ये पॉवरशेल (विंडोजला कमांड देण्याचं साधन) आणि त्यापुढे अर्थ न लागणाऱ्या अक्षरांची लांबलचक माळ. किंवा ब्राउझरचं नाव आणि त्यापुढे एखाद्या साइटचा पत्ता. किंवा ॲपडेटा फोल्डरमधली अगम्य नावाची फाइल. यांपैकी काही दिसलं तर धोक्याची घंटा समजा. अशी नोंद आधी डिसेबल करा, नाव लिहून ठेवा आणि एक-दोन दिवस काही अडलं नाही तर डिलीट करा.

2022 मध्ये पसरलेला क्रोमलोडर हा हायजॅकर याच युक्तीवर चालायचा. क्रॅक केलेले गेम्स आणि चोरीचे चित्रपट म्हणून दिलेल्या आयएसओ फाइलमधून (डिस्कची प्रत असलेल्या फाइलमधून) तो यायचा आणि शेड्युलरमध्ये पॉवरशेलचं काम लावून ब्राउझरमध्ये आपलं एक्स्टेन्शन पुन्हा पुन्हा घालायचा. तुम्ही एक्स्टेन्शनचं पान उघडायला गेलात तर तो तुम्हाला सेटिंगच्या पानावर ढकलायचा, म्हणजे काढायचं बटण दिसूच नये. असं ढकललं जात असेल तर ब्राउझरशी झगडत बसू नका, आधी शेड्युलर बघा.

आता स्कॅन

विंडोजबरोबर येणारा डिफेंडर घरासाठी पुरेसा आहे, पण नुसता क्विक स्कॅन पुरत नाही. विंडोज सिक्युरिटी उघडा, व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, स्कॅन ऑप्शन्स आणि तिथे फुल स्कॅन निवडा. याला तास-दोन तास किंवा अधिकही लागू शकतात, लागू द्या. त्यानंतर त्याच यादीतला ऑफलाइन स्कॅन चालवा. कॉम्प्युटर रिस्टार्ट होतो आणि विंडोज सुरू होण्याआधीच सुमारे 15 मिनिटं तपासणी चालते. त्यामुळे विंडोज चालू असताना लपणाऱ्या गोष्टीही सापडतात. उघडी कामं आधी सेव्ह करून ठेवा.

अँटिव्हायरस असूनही हायजॅकर शिरला कसा, हा प्रश्न साहजिक आहे. अनेक हायजॅकर तांत्रिकदृष्ट्या तुमच्या "संमतीने" आलेले असतात. इन्स्टॉल करताना कुठल्या तरी पानावर तुम्ही नेक्स्ट दाबलेलं असतं. म्हणून त्यांची गणना व्हायरसमध्ये न होता "पोटेन्शियली अनवाँटेड ॲप" या वेगळ्या गटात होते. हा गट अडवण्याचं सेटिंग वेगळं आहे: विंडोज सिक्युरिटी, ॲप अँड ब्राउझर कंट्रोल, रेप्युटेशन-बेस्ड प्रोटेक्शन. ते बंद असेल तर चालू करा.

दुसरं मत म्हणून मालवेअरबाइट्स कंपनीचं ॲडडब्ल्यूक्लीनर चालवा. ते मोफत आहे, इन्स्टॉल करावं लागत नाही आणि नेमकं याच जातीच्या उपद्रवासाठी बनवलेलं आहे. सापडलेली यादी वाचा आणि क्वारंटाइन करा, म्हणजे बाजूला कोंडून ठेवा. क्वारंटाइनमधली गोष्ट चुकून गेली असेल तर परत आणता येते. मात्र सतत पहारा देणारे दोन अँटिव्हायरस एकाच वेळी ठेवू नका. ते एकमेकांना अडवतात आणि कॉम्प्युटर रडतखडत चालतो.

आता ब्राउझरची पाळी

एक्स्टेन्शनच्या पानावर जा. ज्याचा उपयोग तुम्हाला एका वाक्यात सांगता येत नाही ते एक्स्टेन्शन रिमूव्ह करा. "ऑफ" करून सोडू नका. ओळखीचं नाव असलं तरी एकदा विचार करा, कारण चांगली एक्स्टेन्शन्स विकली जातात आणि नवा मालक पुढच्या अपडेटमध्ये त्यात भलतंच घालतो, असं अनेकदा घडलेलं आहे. शंका असेल तर काढा. खरी गरज असेल तर ते अधिकृत स्टोअरवरून पुन्हा घेता येतं.

मग शॉर्टकट. डेस्कटॉपवरच्या ब्राउझरच्या चिन्हावर उजवं क्लिक, प्रॉपर्टीज, शॉर्टकट टॅब आणि टार्गेट ही चौकट. क्रोमच्या बाबतीत या ओळीचा शेवट साधारणपणे क्रोम डॉट ईएक्सई आणि दुहेरी अवतरणचिन्हाने होतो. त्यापुढे एखाद्या साइटचा पत्ता लिहिलेला असेल तर तुमचं होमपेज कितीही वेळा दुरुस्त केलं तरी या चिन्हावरून ब्राउझर उघडल्यावर तीच साइट येणार. चौकट लहान असते, म्हणून कर्सर ओळीच्या अगदी शेवटी नेऊन बघा. पत्ता नजरेआड राहतो. अवतरणचिन्हापुढचा पत्ता पुसा आणि ओके करा. टास्कबारवरचं चिन्ह अनपिन करून नव्याने पिन करा.

त्यानंतर रिसेट. क्रोम आणि एजमध्ये सेटिंग्जमध्ये "रिसेट सेटिंग्ज" आहे. होमपेज, नवा टॅब, सर्च इंजिन मूळ पदावर येतात, कुकीज (साइट्सनी ब्राउझरमध्ये ठेवलेल्या लॉगिनसारख्या नोंदी) पुसल्या जातात. बुकमार्क, हिस्टरी आणि सेव्ह केलेले पासवर्ड राहतात. एक्स्टेन्शन्स मात्र रिसेटमुळे फक्त बंद होतात, हटत नाहीत, म्हणून ती आधीच हाताने काढायला सांगितलं. फायरफॉक्समध्ये हेल्प मेनूत मोअर ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन उघडून रिफ्रेश फायरफॉक्स दाबा; तिथे एक्स्टेन्शन्सही जातात आणि जुनी माहिती "ओल्ड फायरफॉक्स डेटा" या फोल्डरमध्ये डेस्कटॉपवर ठेवली जाते. बुकमार्क नीट आलेत हे पाहून तो फोल्डर डिलीट करा.

"मॅनेज्ड बाय युअर ऑर्गनायझेशन" दिसत असेल तर

मोठ्या संस्थांना हजारो कॉम्प्युटरवर एकच नियम लावता यावा म्हणून ब्राउझरमध्ये पॉलिसीची सोय असते. हायजॅकर तीच सोय वापरतो. पॉलिसीने बसवलेल्या एक्स्टेन्शनचं रिमूव्ह बटण चालत नाही आणि सर्च इंजिन बदलण्याची चौकट कुलूपबंद होते.

ॲड्रेस बारमध्ये इंग्रजी अक्षरांत क्रोम, मग कोलन, दोन तिरप्या रेघा आणि पॉलिसी असं लिहून एंटर करा. एजमध्ये क्रोमच्या जागी एज. लागू असलेल्या पॉलिसींची यादी दिसेल. लक्षात ठेवा, काही अँटिव्हायरस आणि पासवर्ड मॅनेजरही एखादी पॉलिसी लावतात, त्यामुळे नुसती ओळ दिसली म्हणजे रोग आहेच असं नाही. "एक्स्टेन्शन इन्स्टॉल फोर्सलिस्ट" नावाची पॉलिसी दिसली, त्यापुढे अर्थहीन वाटणारी लांब अक्षरमाळ असली आणि ती तुमच्या कुठल्याच प्रोग्रॅमची नसली तर मात्र चोर सापडला. ती अक्षरमाळ म्हणजे एक्स्टेन्शनचा ओळख क्रमांक असतो.

बहुतेक वेळा ॲडडब्ल्यूक्लीनर ही पॉलिसी काढतं. नाही काढली तर स्टार्ट मेनूतून रजिस्ट्री एडिटर उघडावा लागतो. विंडोजचं आतलं सेटिंग जिथे साठवलेलं असतं ती रजिस्ट्री. तिथे एचकी लोकल मशीन, सॉफ्टवेअर, पॉलिसीज, गूगल, क्रोम या वाटेने जा. एचकी करंट यूजरखालीही तीच वाट तपासा. क्रोम या 'की'वर (फोल्डरसारख्या दिसणाऱ्या नोंदीवर) उजवं क्लिक करून आधी एक्सपोर्ट करा, म्हणजे मूळ प्रत हाती राहते, आणि मगच ती डिलीट करा. बाजूच्या कशालाही हात लावू नका. रजिस्ट्रीत कधीच उतरला नसाल तर जाणकार माणूस शेजारी बसवून करा. यात संकोच वाटण्यासारखं काही नाही.

इंटरनेटच्या वाटेवर बसलेला

ब्राउझर स्वच्छ, प्रोग्रॅम स्वच्छ, तरी पानं वळतात? मग वाट तपासा. सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, प्रॉक्सी (तुमचं इंटरनेट ज्यातून जातं तो मधला सर्व्हर). "यूज अ प्रॉक्सी सर्व्हर" आणि "यूज सेटअप स्क्रिप्ट" हे दोन्ही, तुम्ही स्वतः लावले नसतील तर, बंद असायला हवेत. "ऑटोमॅटिकली डिटेक्ट सेटिंग्ज" चालू राहिलं तरी हरकत नाही. वायफायच्या हार्डवेअर प्रॉपर्टीजमध्ये डीएनएस सर्व्हर ऑटोमॅटिक आहे का, तेही बघा. साइटचं नाव दिलं की तिचा खरा पत्ता सांगणारी यंत्रणा म्हणजे डीएनएस. ती चोराच्या ताब्यात असेल तर तुम्ही पत्ता बरोबर लिहूनही चुकीच्या दारात पोचता.

ही निव्वळ भीती नाही. डीएनएसचेंजर नावाच्या मालवेअरने 100हून अधिक देशांतल्या 40 लाखांवर कॉम्प्युटरचं डीएनएस बदललं होतं. अमेरिकेच्या एफबीआय या तपास संस्थेच्या कारवाईत नोव्हेंबर 2011 मध्ये टोळी पकडली गेली, पण चोरांचे सर्व्हर एकदम बंद केले असते तर लाखो लोकांचं इंटरनेटच थांबलं असतं. म्हणून त्यांच्या जागी स्वच्छ सर्व्हर चालू ठेवावे लागले आणि ते शेवटी 9 जुलै 2012 रोजी बंद झाले.

फोनवरही तोच त्रास असेल तर राउटर बघा. मागचं छोटं रिसेट बटण टाचणीने दाबून तो मूळ स्थितीत आणा, ॲडमिन पासवर्ड बदला, फर्मवेअर (राउटरमधलं सॉफ्टवेअर) अपडेट करा. त्याआधी इंटरनेट कंपनीकडून जोडणीची माहिती घेऊन ठेवा, नाहीतर रिसेटनंतर इंटरनेटच सुरू होणार नाही. राउटरवर चिकटवलेला फॅक्टरी पासवर्ड कायम ठेवू नका.

मॅक असेल तर

वाट तीच, जागा वेगळ्या. ॲप्लिकेशन्स फोल्डरमधून अनोळखी ॲप काढा, सिस्टिम सेटिंग्जमध्ये लॉगिन आयटम्स तपासा आणि सफारीच्या सेटिंगमध्ये एक्स्टेन्शन्स. मग सिस्टिम सेटिंग्जच्या शोधचौकटीत "प्रोफाइल" टाइप करा. प्रोफाइल म्हणजे बाहेरून मॅकवर लादलेल्या सेटिंगचा संच. ऑफिस किंवा शाळेशी न जोडलेल्या घरच्या मॅकवर प्रोफाइल सहसा नसतं. अनोळखी प्रोफाइल दिसलं तर परत आणणारा तोच असतो. ते काढा आणि मगच ब्राउझरचं सेटिंग बदला.

पासवर्ड आणि सिंक

कॉम्प्युटर दोनदा रिस्टार्ट करा आणि एखादा दिवस वापरून बघा. लक्षणं परतली नाहीत तर पासवर्ड बदला. घाई वाटत असेल तर स्वच्छ फोनवरून आधीच बदला, पण या कॉम्प्युटरवरून नको. सुरुवात ईमेलपासून करा, कारण बाकीच्या खात्यांचे पासवर्ड ईमेलवरूनच बदलता येतात. मग बँक, मग उरलेलं. प्रत्येक ठिकाणी "सगळ्या उपकरणांवरून साइन आउट" करा. चोराने लॉगिनची कुकी नेली असेल तर पासवर्ड न कळताही तो खात्यात राहू शकतो, साइन आउटने तो बाहेर पडतो. दोन टप्प्यांची पडताळणी चालू करा.

सिंक चालू करण्याआधी खात्यात साठलेली जुनी सिंक माहिती पुसायचं बटण वापरा, आणि घरातल्या ज्या ज्या कॉम्प्युटरवर तेच खाते आहे तिथली एक्स्टेन्शन्सही तपासा.

इतकं करूनही परत आलं तर

मग आणखी शिकार करू नका. सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी, रिसेट धिस पीसी. "रिमूव्ह एव्हरीथिंग" आणि "क्लाउड डाउनलोड" हे पर्याय निवडा. "कीप माय फाइल्स"मध्ये तुमच्या फोल्डरमधली संसर्ग झालेली फाइलही तशीच राहते. बॅकअप सुरुवातीलाच घेतलेला आहे, त्यामुळे महत्त्वाचं असं गमवायचं काही नाही. अर्धवट साफ झालेल्या कॉम्प्युटरवर बँकेचं काम करण्यापेक्षा एक दुपार खर्च करून नव्याने उभा केलेला कॉम्प्युटर केव्हाही बरा.

आलं कुठून, ती वाट बंद करा

बहुतेक हायजॅकर मोफत सॉफ्टवेअरच्या सेटअपमधून येतात. "एक्सप्रेस" किंवा "रेकमेंडेड" न निवडता "कस्टम" निवडा. मग पूर्वी न दिसणारी पानं दिसतात, आणि त्यावर आधीच खूण केलेल्या चौकटी. त्या काढा. कुठे "डिक्लाइन" दिसलं तर ते दाबल्याने मूळ प्रोग्रॅम अडत नाही, फक्त सोबतचा पाहुणा बाहेर राहतो. सॉफ्टवेअर सर्चमधल्या वरच्या जाहिरातीवरून घेऊ नका. हुबेहूब नकली पानं तिथेच पैसे देऊन झळकवली जातात. आणि क्रॅक, म्हणजे विकतचं सॉफ्टवेअर फुकट चालवणारी चोरीची युक्ती, वापरू नका. क्रॅक चालवण्यासाठी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात, तिथेच सगळं कळायला हवं.

अलीकडे एक फार वाईट प्रकार पसरला आहे. पानावर "तुम्ही माणूस आहात हे पडताळा" अशी चौकट येते आणि पुढे सूचना: विंडोज आणि आर ही बटणं दाबा, मग कंट्रोल आणि व्ही, मग एंटर. पानाने तुमच्या नकळत एक कमांड कॉपी करून ठेवलेली असते आणि ती तुम्ही स्वतःच्या हाताने चालवता. यातून हायजॅकरपेक्षा घातक, पासवर्ड चोरणारी मालवेअर येतात. असं काही दाबून झालं असेल तर वरच्या पायऱ्यांत न अडकता इंटरनेट तोडा, स्वच्छ फोनवरून पासवर्ड बदला आणि विंडोज थेट रिसेट करा.

विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. तुमच्या कॉम्प्युटरवर विंडोज 11 चालत असेल तर ते घ्या. आणि घरात एकच कॉम्प्युटर सगळे वापरत असतील तर मुलांना आणि इतरांना स्टँडर्ड खाते द्या, ॲडमिनिस्ट्रेटरचं नको. सेटिंग्ज, अकाउंट्स, अदर यूजर्समध्ये ते पाच मिनिटांत बनतं. त्या खात्यावरून संपूर्ण कॉम्प्युटरभर काही बसवायचं झालं की विंडोज ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड मागतं, आणि तो घरात एकाच्याच जवळ असावा.